काशीची प्रयोगशाळा आणि आपली बी. फार्म.

महाराष्ट्रातल्या फार्मसी पदवीधरांच्या स्मरणिकेत काशीच्या एका विभागाचा इतिहास कशाला, असं संपादकांनी मला विचारलं नाही, ही त्यांची सभ्यता. वाचक मात्र विचारतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. आपल्या प्रमाणपत्रावर मुंबई, पुणे, नागपूर यांपैकी कुठल्याही विद्यापीठाचा शिक्का असो, बी. फार्म. या पदवीचं कूळ शोधत मागे गेलं की आपण बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात पोचतो. कुळाबरोबर गुण येतात तशा खोडीही येतात. चार वर्षं रसायनशास्त्राशी झटून बाहेर पडलेला आपला पदवीधर कारखान्यात, विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत, निर्यातीच्या कागदपत्रांत सहज रमतो. औषधाच्या दुकानात रुग्णासमोर उभं राहायची वेळ आली की अवघडतो. ही तक्रार मी अध्यापनाच्या सगळ्या काळात ऐकत आलो. तिचा उगम आपल्या आळसात शोधण्यापेक्षा १९३२ सालात शोधावा, असं माझं मत आहे.

त्या आधी औषधं बनवणारा माणूस होता, पण त्याला विद्यापीठाचं दार नव्हतं. पोर्तुगीजांनी गोव्यात १८४२ मध्ये पणजीला वैद्यकशाळा काढली आणि तिथे डॉक्टरांबरोबर औषधकारही शिकू लागले. त्या अर्थानं आधुनिक फार्मसीचं शिक्षण आपल्या शेजारीच सुरू झालं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजातही एकोणिसाव्या शतकातच असे वर्ग होते. पण हे सगळं वैद्यकाच्या पदराखालचं शिक्षण. ब्रिटिश हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी औषध तयार करायचा तो कंपौंडर, आणि तो शिकायचा डॉक्टरच्या मागे उभा राहून. मोठ्या काचेच्या बरण्यांतून मिक्श्चर काढायचं, रुग्णानं घरून आणलेल्या बाटलीत भरायचं, बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी डकवायची, त्या पट्टीच्या खाचांवर डोस मोजायचे. हात सफाईदार, नजर पक्की. बरणीतला अर्क मुळात किती कसाचा, हे मात्र त्याला ठाऊक नसे आणि डॉक्टरलाही नसे. ते ठाऊक करून घेण्याची कुणावर सक्तीच नव्हती.

विसाच्या दशकात देशाच्या बाजारात परदेशी औषधांचा पूर होता. त्यांत चांगली होती, जुनी झालेली होती, आणि आपल्याकडे खपतील म्हणून पाठवलेलीही होती. हिवतापानं पोखरलेल्या देशात क्विनीनच भरवशाचं मिळू नये यापरती नामुष्की कोणती! १९२७ च्या मार्चमध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये याविषयीचा ठराव मांडला तो पुण्याच्या सर हारून जाफर यांनी. सरकारला जाग यायला आणखी तीन वर्षं लागली. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली आणि १९३१ मध्ये तिचा अहवाल आला. चोप्रा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले औषधशास्त्रज्ञ. देशी वनस्पतींवरचं त्यांचं काम पुढे ग्रंथरूपानं गाजलं. समितीनं जे सांगितलं ते आज साधं वाटतं: औषधांवर कायद्याचं नियंत्रण हवं, तपासणीच्या प्रयोगशाळा हव्यात, औषधं बनवणाऱ्यांची नोंदणी आणि त्यांचं रीतसर शिक्षण हवं. अहवाल फायलीत पडून राहणार, याची खात्री बाळगावी असा तो काळ होता आणि कायद्याच्या बाबतीत पुढची काही वर्षं झालंही तसंच. शिक्षणाचं कलम मात्र एका माणसानं सरकारची वाट न पाहता उचललं.

महादेव लाल श्रॉफ यांचा जन्म ६ मार्च १९०२ चा, बिहारमधल्या दरभंग्याचा. तरुणपणी ते याच बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकी शिकायला आले होते आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं होतं. पुढे पूर्वेच्या वाटेनं ते अमेरिकेला पोचले. कॉर्नेलला पदवी घेतली, मग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२७ मध्ये मास्टर्स. विषय रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र. म्हणजे भारतातल्या फार्मसी शिक्षणाचे जनक म्हणून ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, त्यांच्याकडे फार्मसीची पदवी नव्हती. मला यात कमीपणा दिसत नाही. पण ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा अभ्यासक्रम रसायनाच्या नजरेनं का आखला गेला, याचा अर्धा खुलासा इथेच होतो.

उरलेला अर्धा खुलासा मदनमोहन मालवीयांकडे आहे. मालवीयांची प्रतिमा आपल्याकडे धोतर, फेटा आणि गंगाकिनारा एवढ्यावरच थांबते. हेच मालवीय १९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगाचे सदस्य होते आणि आयोगाच्या निष्कर्षांना त्यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडली होती. हिंदुस्थानच्या गरिबीचं मूळ कारागिरी आणि कारखाने मोडले जाण्यात आहे, हे त्यांचं ठाम मत. म्हणूनच वेद आणि धर्मशास्त्र शिकवायला काढलेल्या त्यांच्या विद्यापीठात अभियांत्रिकी, खाणकाम, धातुशास्त्र, काच आणि चिनीमातीचं तंत्र हे विषय इतक्या लवकर आले. देशातली इतर बहुतेक विद्यापीठं तेव्हा कारकून आणि वकील घडवण्यात मग्न होती. आयुर्वेदाचं महाविद्यालयही १९२७ मध्ये इथे उभं राहिलं. सुश्रुतावरच्या टीकेमुळे हिंदी वाचकांना ओळखीचे झालेले भास्कर गोविंद घाणेकर हे मराठी डॉक्टर-वैद्य याच महाविद्यालयात शिकवत. तेव्हा देशात औषध तयार झालं पाहिजे, हे मालवीयांना कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. ते कोण शिकवणार, एवढाच प्रश्न होता. ज्या विद्यार्थ्याला एकदा आवार सोडावं लागलं होतं, त्यालाच त्यांनी हे काम सोपवलं.

१९३२ मध्ये जे सुरू झालं, त्याला विभाग म्हणणं म्हणजे कौतुकापोटी केलेली अतिशयोक्ती ठरेल. बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याला एक विषय म्हणून औषधी रसायनशास्त्र घेता येऊ लागलं, इतकंच. पण फार्मसी वैद्यकाच्या पदराखालून निघून विज्ञान शाखेत आली ती याच वर्षी. या बदलाचं महत्त्व आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण बदलानंतर जन्मलो. वैद्यकीय कॉलेजात वाढली असती तर फार्मसी डॉक्टरच्या हाताखालीच राहिली असती. रुग्णाच्या जवळ, पण दुय्यम. विज्ञान शाखेत आल्यानं तिला मान मिळाला, प्रयोगशाळा मिळाली, संशोधनाचा हक्क मिळाला. रुग्णालय मात्र सुटलं.

१९३४ च्या सुमारास फार्मसीचे विषय एकत्र बांधले गेले आणि १९३७ मध्ये इंटर सायन्सनंतरचा तीन वर्षांचा बी. फार्म. अभ्यासक्रम सुरू झाला. देशातला पहिला. १९४० मध्ये एम. फार्म. आलं. आठ वर्षांत एका जोडविषयापासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची ही मजल आजच्या विद्यापीठांच्या समित्या-उपसमित्यांचा वेग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना काल्पनिक वाटेल. शिवाय नमुना म्हणून समोर ठेवावं असं देशात काहीच नव्हतं. विलायतेत औषधकाराचं शिक्षण दुकानातल्या उमेदवारीवर उभं होतं. आधी काही वर्षं केमिस्टकडे राबायचं आणि मग फार्मास्युटिकल सोसायटीच्या परीक्षा द्यायच्या. श्रॉफ यांनी ती वाट घेतली नाही. उमेदवारी करायची तर ज्याच्याकडे करावी असा केमिस्ट इथे होता कुठे?

शिकवलं जायचं काय, हे थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी जुन्यांना त्यात आपलाच वर्ग दिसेल. हाताशी मुख्य ग्रंथ १९३२ ची ब्रिटिश फार्माकोपिया. भारताची स्वतःची यायला १९५५ साल उजाडायचं होतं. फार्माकॉग्नोसी म्हणजे वनस्पतिज औषधांची ओळख. सोनामुखीचं पान, कुचल्याची बी, धोत्रा, ज्येष्ठमध, इपेकॅकचं मूळ हे सगळं आधी हातात घेऊन, वास घेऊन, चव घेऊन ओळखायचं, मग भुकटी करून सूक्ष्मदर्शकाखाली. अख्खं पान कुणीही ओळखेल; भुकटीत भेसळ पकडायची तर सोनामुखीच्या पानावरची एकपेशीय, खरबरीत लव दिसली पाहिजे, पर्णरंध्राशेजारच्या पेशींची मांडणी समजली पाहिजे. चोप्रा समितीनं ज्या भेसळीबद्दल पानंच्या पानं लिहिली, तिच्यावरचा उतारा या काचपट्टीवर होता. दुसरीकडे अर्क आणि टिंक्चर. भुकटी भिजवून ठेवायची, पर्कोलेटरमध्ये थर दाबून भरायचा, फार घट्ट नाही, फार सैल नाही, आणि मद्यार्क थेंबाथेंबानं उतरू द्यायचा. मग त्या अर्कात अल्कलॉइड किती, ते मोजायचं. कंपौंडरचं ज्ञान बरणीच्या बाहेरच अडलेलं असे. इथला विद्यार्थी बरणीच्या आत काय आहे ते आकड्यात सांगू लागला.

आणि इमल्शन! बी. फार्म. झालेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा: तेल चार, पाणी दोन, डिंक एक. कोरड्या खलात तेल आणि डिंकाची पूड घोटायची, पाणी एकदम ओतायचं आणि एकाच दिशेनं, जोरात, न थांबता फिरवत राहायचं. खलातून टक्-टक् असा आवाज येऊ लागला आणि मिश्रण पांढरंशुभ्र झालं की जमलं. जमलं नाही तर डिंकाला, हवेला, शेजारच्याला दोष देत पहिल्यापासून सुरुवात. नव्वद वर्षांत औषधनिर्मितीची यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीतून हा खल काही हलला नाही. हलू नये असंच मला वाटतं. तेल आणि पाणी एकमेकांत का राहतात हे पुस्तकातून कळतं, पण ते कधी फुटणार हे मनगटालाच कळतं.

विद्यापीठातलं वातावरणही या कामाला पोषक होतं आणि त्यात मराठी नावं बरीच आढळतात. औद्योगिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते बर्लिनची डॉक्टरेट घेतलेले एन. एन. गोडबोले. तेलं, चरबी आणि दूध हे त्यांचे विषय; दुधावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक त्या काळात चांगलं वाचलं गेलं. रसायनशास्त्रात एस. एस. जोशी होते, ज्यांचं नाव वायूंमधल्या विद्युत्‌विसर्गावर प्रकाशाच्या होणाऱ्या परिणामाला, ‘जोशी इफेक्ट’ म्हणून, मिळालं. काशीत मराठी माणूस काही नवीन नव्हता. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरं होती. फरक इतकाच की आधीचे शास्त्री-पंडित न्याय आणि मीमांसेसाठी आले होते आणि हे आले ते रिटॉर्ट आणि ब्युरेट घेऊन.

श्रॉफ यांना एक गोष्ट लवकर उमगली होती. नुसते पदवीधर तयार करून भागत नाही; त्या पदवीला बाहेर ओळखणारं कुणी तरी असावं लागतं. १९३५ मध्ये त्यांनी संयुक्त प्रांतांची फार्मास्युटिकल असोसिएशन काढली, तीच पुढे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन झाली. १९३९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मसी’ हे नियतकालिक सुरू झालं. संपादनाचं ओझं अर्थातच त्यांच्याच खांद्यावर. आज हेच नियतकालिक ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मास्युटिकल सायन्सेस’ या नावानं निघतं आणि असोसिएशनचं मुख्यालय मुंबईत कालिन्याला आहे. आपल्यापैकी ज्यांचा पहिला शोधनिबंध तिथून ‘साभार परत’ आला, त्यांना या परंपरेत आपलंही नाव जोडायला हरकत नाही. विभाग, संघटना आणि नियतकालिक या तिन्ही गोष्टी एकाच माणसानं, एकाच गावातून, जेमतेम सात-आठ वर्षांत उभ्या केल्या. अशा माणसांचा स्वभाव सौम्य असेल असं मानायचं कारण नाही, आणि श्रॉफ यांचं काशीतलं वास्तव्यही दशकाहून फार लांबलं नाही. ते पुढे कलकत्ता, पिलानी, सागर आणि जादवपूर असे फिरत राहिले; पिलानीला, सागरला, जादवपूरला फार्मसीच्या शिक्षणाची पायाभरणी त्यांच्याच हातून झाली. १९७१ मध्ये ते गेले. त्यांचं चरित्र आणि भारतीय फार्मसीचा बहुखंडी इतिहास चंडीगडच्या हरकिशन सिंग यांनी लिहून ठेवला आहे. आपल्या क्षेत्रात इतिहासाची इतकी आच असलेला दुसरा रसायनशास्त्रज्ञ झाला नाही.

पदवी निघाली आणि दोन वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. जहाजं बंद, आयात बंद, आणि सैन्याला औषधं हवीत. बंगाल केमिकल, बडोद्याचं अलेम्बिक, मुंबईत १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी काढलेली सिप्ला अशा देशी कारखान्यांना अचानक मोठी मागणी आली. त्यांना माणूस हवा होता तो अर्क काढणारा, तपासणारा, प्रत एकसारखी राखणारा. १९४० मध्ये औषध कायदा झाला, म्हणजे सरकारला निरीक्षक आणि विश्लेषक लागणार. काशीचा पदवीधर या सगळ्या जागांसाठी जणू मापाचा बेतलेला होता. दुकानाच्या काउंटरला त्याची गरजच पडली नाही, कारण डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यातच औषध देत होते आणि कंपौंडर त्यांच्याकडे होताच.

मग आलं १९४८ चं साल आणि फार्मसी कायदा. १९४९ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली, १९५३ मध्ये तिचे शिक्षणविषयक पहिले नियम आले. इथे जे घडलं ते मला सगळ्यांत निर्णायक वाटतं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं औषधक्षेत्रासाठी वेगवेगळ्या पातळ्यांचं शिक्षण सुचवलं होतं. कायदा प्रत्यक्षात आला तेव्हा पहिल्या नोंदवहीत वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या, पदवी-पदविका नसलेल्या अनुभवी माणसांनाही जागा द्यावी लागली. त्याशिवाय देशातली दुकानं उघडीच राहिली नसती, तेव्हा त्याला चूक म्हणता येणार नाही. पुढे नोंदणीची किमान पात्रता ठरली पदविका, म्हणजे डी. फार्म. झालं असं की दुकान पदविकेकडे गेलं आणि कारखाना पदवीकडे. काशीनं पाडलेली वाट कायद्यानं पक्की सडक केली. दोन्हीकडे फार्मसीच शिकवली जाते, पण पदविकेच्या मुलाला पाचशे तासांचं दुकान-रुग्णालयातलं प्रशिक्षण सक्तीचं आणि पदवीच्या मुलाची सहल औषध कारखान्यात! आपल्या महाविद्यालयांच्या जुन्या छायाचित्रांत डोक्यावर कागदी टोप्या घालून टॅब्लेट मशीनसमोर उभे असलेले विद्यार्थी पाहा. रुग्णाच्या खाटेजवळ काढलेलं छायाचित्र मला तरी सापडलेलं नाही.

काशीनंतरचा विस्तार भराभर सांगतो. लाहोरला पंजाब विद्यापीठात १९४४ मध्ये विभाग निघाला. फाळणीत तो उखडला, अमृतसरला थांबला आणि शेवटी चंडीगडला रुजला. अहमदाबादला १९४७ मध्ये एल. एम. कॉलेज ऑफ फार्मसी उभं राहिलं. तिथले एक तरुण व्याख्याते रमणभाई पटेल यांनी इंद्रवदन मोदींना बरोबर घेऊन १९५२ मध्ये कॅडिला काढली. शिक्षकानं कारखाना काढणं ही काशीच्या विचाराची सरळ परिणती. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होतं, तेव्हा त्या कॉलेजवर थोडा हक्क आपणही सांगू शकतो.

मुंबईची गोष्ट जरा वेगळी, पण दिशा तीच. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, आपला माटुंग्याचा यूडीसीटी, १९३३ मध्ये सुरू झाला, काशीच्या औषधी रसायनशास्त्रानंतर वर्षभरानं. सुरुवात कापडाचं रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी यांनी. औषधं नंतर आली. नाव काय, तर ‘फार्मास्युटिकल्स अँड फाइन केमिकल्स’. बी. एस्सी. करून यायचं आणि तांत्रिक पदवी घ्यायची. आंध्रातून आलेले अंजी रेड्डी इथेच शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी पीएच. डी. केली आणि पुढे हैदराबादला डॉ. रेड्डीज उभी केली. काशी आणि माटुंगा यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार असो-नसो, दोन्हीकडे औषध म्हणजे आधी रसायन, हीच श्रद्धा. १९५७ मध्ये इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या राज्य शाखेनं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी काढलं. श्रॉफ यांनी काशीत पेरलेल्या संघटनेनं मुंबईत कॉलेज काढावं, यात मला नातवानं आजोबांच्या नावानं घर बांधल्यासारखं काही तरी दिसतं.

या श्रद्धेचं फळ काय मिळालं, तेही न्यायानं सांगितलं पाहिजे. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या अंतिम रेणूवर नव्हे, तर तो बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मान्य केलं. तोच रेणू वेगळ्या वाटेनं बनवायचा आणि तो तंतोतंत तसाच आहे हे सिद्ध करून दाखवायचं, हा खेळ जगात भारताइतका कुणी खेळला नाही. त्यासाठी लागणारी माणसं चार दशकांपूर्वीच्या एका अभ्यासक्रमातून तयार होत आली होती. जगभरच्या रुग्णांना स्वस्त औषधं मिळाली, त्यात या रसायनवेड्या बी. फार्म.चा वाटा मोठा आहे. मला कुणी विचारलं की श्रॉफ यांनी दुकानाकडे पाठ फिरवली ती चूक होती का, तर मी नाही म्हणेन. १९३२ मध्ये त्यांनी दुकानासाठी पदवीधर घडवले असते, तर ते उपाशी मेले असते. आक्षेप घ्यायचाच तर तो त्यांच्यानंतरच्या आपल्या पिढ्यांवर घ्यावा. दवाखान्यातली मिक्श्चरं गेली, गल्लोगल्ली औषधांची दुकानं झाली, एकेका वृद्ध रुग्णाच्या पिशवीत आठ-आठ पाकिटं आली, तरी आपण अर्क काढत आणि ब्युरेट धरून बसलो. सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम यायला २००८ साल लागलं, आणि रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणं हे औषधकाराचं कर्तव्य म्हणून नियमात नीट लिहिलं जायला २०१५. आता बी. फार्म.च्या देशभर एकसारख्या अभ्यासक्रमातही फार्मसी प्रॅक्टिस आणि सोशल फार्मसी आहेत. शिकवायला माणसं मात्र आमच्यासारखी, इमल्शनवाली!

काशीच्या विभागाचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी कॉलेजात त्याची जागा पक्की झाली होती. १९६८ मध्ये अभियांत्रिकी, खाण-धातुशास्त्र आणि टेक्नॉलॉजी ही तिन्ही महाविद्यालयं एकत्र करून इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाली, आणि फार्मास्युटिक्सचा विभाग अभियंत्यांच्या घरात राहायला गेला. देशातल्या इतर फार्मसी कॉलेजांत बारावीच्या गुणांवर किंवा राज्याच्या परीक्षेवर प्रवेश मिळत असताना काशीच्या बी. फार्म.ला मुलं येत ती आयआयटीच्या संयुक्त प्रवेश परीक्षेतून. गणित पक्कं, भौतिकशास्त्र पक्कं, जीवशास्त्र बहुधा दहावीलाच सोडलेलं. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स भरून गेल्यावर यादीत खाली राहिलेली शाखा म्हणून अनेकांनी ती घेतली असणार, पण त्यांतूनही उत्तम संशोधक निघाले. सोनामुखीची लव ओळखायला आलेल्या पिढीपासून हे किती लांब आलं होतं!

२०१२ मध्ये संस्थेला आयआयटीचा दर्जा मिळाला. विभागाचं नाव आता फार्मास्युटिकल अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान असं आहे आणि पदवी आहे बी. टेक. म्हणजे ज्या विभागानं देशाला बी. फार्म. दिली, तिथे प्रवेशाच्या यादीत आज बी. फार्म. हे नाव राहिलेलं नाही. काही जुन्या विद्यार्थ्यांना याचं वाईट वाटतं. मला ते श्रॉफ यांच्या आखणीचंच टोक वाटतं: ज्या विषयाला त्यांनी वैद्यकाकडून काढून विज्ञानाकडे आणलं, तो सरळ रेषेत चालत अभियांत्रिकीला जाऊन मिळाला. औषधाच्या दुकानात उभं राहायला फार्मसी कौन्सिलची नोंदणी लागते, ती डी. फार्म., बी. फार्म. आणि फार्म. डी. या वाटेनं मिळते, आणि काशीच्या नव्या पदवीचा रस्ता त्या बाजूला वळतच नाही. ६ मार्चला फार्मसी शिक्षण दिन म्हणून आपल्या सगळ्या महाविद्यालयांत कार्यक्रम होतात. आमच्याकडच्या या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत भाषणं नेहमीचीच होती. त्यांखाली अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी रुग्ण-समुपदेशनाची स्पर्धा होती, आणि परीक्षक म्हणून गावातल्याच एका औषध दुकानदारांना बोलावलं होतं.